काजळातला महाल

एकोणीसशे छप्पन साली, सिंहस्थाच्या श्रावणात, एका रविवारी भर दुपारी आमच्या नाशकाच्या तांबट आळीतली ठोक बंद पडली. अमावास्या सोडली तर आळीत हातोडे कधी थांबत नसत. त्या दिवशी मात्र एकेक हात थांबत गेला आणि सगळी आळी वडक्यांच्या ओसरीवर येऊन बसली. मी दहा वर्षांची होते. आईने मला धुतलेलं परकर-पोलकं घातलं होतं, कपाळाला अंगारा लावला होता. आत वडक्यांच्या माजघरात खिडक्या लावून समई पेटवली होती. तिथे बसून मला काजळात एक माणूस शोधायचा होता.

"भ्यायचं नाही," आई म्हणाली.

"मारुती दिसला नाही तर?"

"न दिसायला काय झालं? तू पायाळू आहेस."

जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले होते, त्यात माझं कर्तृत्व ते काय? पण तेवढ्यावर आळीत माझा मान होता. कुणाच्या कमरेत उसण भरली की मला बोलावणं यायचं. मोठमोठे बाप्ये माझ्यापुढे पालथे पडायचे आणि मी त्यांच्या कमरेवर लाथ मारायची. "जोरात मार की गं, खायला घालत नाही का तुझी आई?" असं वर ऐकून घ्यायची. वीज चमकायला लागली की मात्र मला घरात कोंडत. पायाळू माणसावर वीज पडते म्हणे. आणि पायाळू माणसाच्या डोळ्याला जमिनीतलं धन, विहिरीचं पाणी आणि हरवलेली माणसं दिसतात, असंही सगळे धरून चालले होते. मला आजवर हरवलेली शेळीसुद्धा दिसली नव्हती. पण मला कुणी विचारलं नव्हतं.

शोधायचा होता तो मुरलीधर वडके, आमच्या शेजारच्या भागाआजींचा एकुलता एक मुलगा. मागच्या सिंहस्थात, चव्वेचाळीसच्या श्रावणात, पर्वणीच्या दिवशी तो गोदावरीवर स्नानाला गेला आणि परत आला नाही. कुणी म्हणे बुडाला, कुणी म्हणे बैराग्यांच्या मागे गेला. बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या देठांचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि त्याच्या बायकोचं कुंकू पुसायचं, असा रिवाज होता. बारा वर्षं भरायला दहा दिवस उरले होते. जाळण्याआधी एकदा अंजन घालून पाहू, असा हट्ट भागाआजींनी धरला. त्यासाठी सिन्नरहून अंजन लावणाऱ्या तात्यांना आणलं होतं.

मुरलीधरची बायको म्हणजे माझी द्वारकाकाकू. माझ्या आईला आम्ही पाच जण, तिला वेणी घालायला वेळ कुठला? माझी वेणी काकू घालायची. पाढे तिने शिकवले, वाचायला तिने शिकवलं. तिचं स्वतःचं मराठी चौथीपर्यंत झालं होतं, पण आळीत आलेलं प्रत्येकाचं पत्र तिच्याकडेच वाचायला यायचं. एकोणतीस वर्षांची होती ती तेव्हा. मला ती फार मोठी बाई वाटायची.

तिच्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या तळाशी, एक फोटो होता. तो तिने मला एकटीला दाखवला होता, तीन-चारदा तरी. नवरा नाहीसा व्हायच्या आठ दिवस आधी दोघांनी सिंहस्थाच्या जत्रेत, तंबूतल्या फोटोवाल्याकडे गुपचूप काढून घेतलेला. काकू खुर्चीत अंग चोरून बसलेली. शेजारी खुर्चीला मागून हात टेकून काळ्या कोटातले ते. मागे पडद्यावर रंगवलेला महाल, त्याच्यापुढे कारंजं, कारंज्यात दोन हंस.

"कुणाला बोलायचं नाही हं अंबू," ती म्हणायची. "आत्याबाईंना कळलं तर म्हणतील, नवऱ्याला घेऊन फोटो काढत हिंडत होतीस, म्हणून गेला."

आदल्या दिवशी, शनिवारी, ती माझी वेणी घालत होती. पुण्याहून तिचे थोरले भाऊ आले होते. ते छापखान्यात खिळे जुळवायचे. बोटं कायम काळी. येताना ते एक कोरी हिरवी ट्रंक घेऊन आले होते आणि ती काकूच्या खोलीत दाराआड ठेवलेली मी पाहिली होती.

"काकू, ट्रंक कुणाची गं?"

"माझी."

"कुठं जायचंय?"

ती केसातली गुंत सोडवत राहिली. मग म्हणाली, "अंबू, उद्या जे दिसेल तेच सांगायचं. काही दिसलं नाही तर नाही दिसलं म्हणायचं. कळलं?"

"नाही दिसलं म्हटलं तर तुझं कुंकू पुसतील ना?"

तिचा हात थांबला. "कोण म्हणालं तुला?"

"सगळेच म्हणतात. बांगड्या फोडतील."

"ते आमचं आम्ही बघू. तू खोटं बोलू नकोस म्हणजे झालं." आणि तिने वेणी इतकी घट्ट ओढली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

ट्रंकेचं कोडं रात्री आई-बाबांच्या बोलण्यातून उलगडलं. बाबांना ठोकीने कमी ऐकू यायचं, त्यामुळे आमच्या घरात कुजबुज अशी नव्हतीच. आई ओरडून सांगत होती, "भाऊ तिला पुण्याला नेणार म्हणे! बायकांच्या संस्थेत! मास्तरीण करणार! दसऱ्यापर्यंत जागा राखून ठेवलीय!"

"आँ?" बाबा कान पुढे करून म्हणाले.

"पण विधी झाला तरच! सासू म्हणते, कुंकवाची बाई मी दुसऱ्याच्या दारात पाठवणार नाही! तो आला आणि ही घरात नसली तर?"

मी पांघरुणात डोळे उघडे ठेवून पडले होते.

रविवारी माजघरात सहा माणसं होती. पाटावर मी. माझ्यापुढे तात्या, रिटायर झालेले प्राथमिक शिक्षक, जाड भिंगाचा चष्मा, आवाज शुद्धलेखन घालत असल्यासारखा. माझ्यामागे आई. भिंतीला टेकून भागाआजी. कोपऱ्यात हाताची घडी घालून काकूचे भाऊ. आणि दाराशी चौकट धरून उभी काकू.

तात्यांनी विड्याच्या पानावर तेलात कालवलेलं काजळ लावलं आणि पान माझ्या हातात दिलं. "यात बघायचं. डोळे हलवायचे नाहीत. आधी एक झाडणारा येईल. तो अंगण झाडेल. मग सडा पडेल. मग सिंहासन मांडतील आणि मारुतीराय येऊन बसतील. त्यांना नमस्कार करायचा आणि म्हणायचं, मुरलीधर वडक्यांना दाखवा."

मी पाहू लागले. काजळात समईची ज्योत दिसत होती आणि तिच्याखाली माझं नाक.

"झाडणारा आला?"

"नाही."

"थांबू. घाई नाही."

बाहेर कुणीतरी खोकलं. माझ्या पायाला मुंग्या आल्या. मला भीती वाटत होती, पण मारुतीची नाही. मला वाटत होतं, आत्ता या काळ्यातून एखादा बुडालेला, फुगलेला माणूस वर येईल आणि माझ्याकडे पाहील. मी मनात म्हणत होते, येऊ नका, काका, येऊ नका.

"आला का झाडणारा?"

"नाही."

भागाआजींच्या घशातून बारीक आवाज निघाला. भाऊ पुढे झाले आणि मायेनेच म्हणाले, "बाळ, काही दिसत नसेल तर तसं सांग. तुला कुणी रागावणार नाही. संपलं मग."

संपलं मग. म्हणजे पुतळा, म्हणजे ट्रंक.

"आला," मी म्हणाले.

सगळ्या माजघराने श्वास घेतला. "झाडतोय," मी म्हणाले. "सडा पडला. मारुती बसले."

"नमस्कार कर. विचार."

मी पान कपाळाला लावलं आणि पुन्हा समोर धरलं. मला दुसरं काहीच माहीत नव्हतं. मला तो फोटो माहीत होता. "दिसले," मी म्हणाले. "काळा कोट घातलाय. खुर्चीला हात टेकून उभे आहेत. मागे महाल आहे. मोठा. पुढे कारंजं आहे, त्यात दोन हंस आहेत."

दाराशी बांगड्या वाजल्या आणि एकदम गप्प झाल्या. मी तिकडे पाहिलं नाही. आता काकू बोलणार, मला वाटलं. आता ती आत जाऊन फोटो आणणार आणि आई मला सगळ्यांसमोर बडवणार.

"संस्थान आहे कुठलं तरी," तात्या म्हणाले. त्यांना स्वतःलाही एवढी अपेक्षा नसावी. "उत्तरेकडे. राजाच्या पदरी आहेत. हाक मार त्यांना."

"मुरलीकाका!" मी हाक मारली.

"ओ देतात?"

"ऐकू जात नाही त्यांना." मग मी मान थोडी वाकडी केली. "आता कान पुढे केला. डोळे मिटलेत. हसताहेत."

दाराशी काहीतरी पडल्यासारखं झालं. काकू चौकटीला धरून खाली बसली होती. तोंड अर्धवट उघडं होतं.

भागाआजींनी मला छातीशी धरलं. त्यांना हसावं की रडावं कळत नव्हतं. ओसरीवर बातमी गेली आणि आळीतल्या पुरुषांनी आनंदाने हातोडे घेऊन रिकाम्या घागरी बडवल्या. तेवढ्या गलक्यात भाऊ काकूसमोर जाऊन बसले.

"द्वारके, पोरीचं काय ऐकतेस? तू येतेस का ते सांग. विधी होवो न होवो, मी नेतो तुला."

"आणि तो आला तर?" भागाआजी मागून कडाडल्या. "घरात कुंकवाची बाई नको?"

काकू चौकट धरून उठली. मग म्हणाली, "नाही, भाऊ. यंदा नको." आणि थोड्या वेळाने, "ट्रंक राहू दे इथंच."

मला वाटलं, मी जिंकले.

पुढचे दोन महिने मी त्याची भरपाई केली. भागाआजींच्या डोक्यात महाल पक्का बसला होता, पण सिंहस्थाला तो आल्याशिवाय राहणार नाही, असंही त्या म्हणू लागल्या. रोज सकाळी त्या काकूला आणि मला घेऊन तपोवनाकडे साधूंच्या राहुट्यांतून हिंडत. मला का, तर मी त्याला पाहिलं होतं. राख फासलेल्या, जटा वाढवलेल्या प्रत्येक माणसाच्या पाठीमागे उभ्या राहून त्या ओरडत, "मुरली!" एक म्हातारा गोसावी वळून म्हणाला, "माई, इधर सब मुरली हैं, कौन-सा ले जाएगी?" सगळे हसले. काकू हसली नाही. ती हाक मारायची नाही, नुसती चालायची. मी तिचा पदर धरायला गेले की तो ती हळूच सोडवून घ्यायची. मला रोज नवी भीती असायची, की यातला एखादा खरंच वळेल आणि त्याच्या अंगावर काळा कोट नसेल.

कुणी वळलं नाही. सिंहस्थ संपला, राहुट्या उठल्या, बारा वर्षं उलटली आणि पळसाचा पुतळा कुणी केला नाही. काकूचं कुंकू तसंच राहिलं. माझी वेणी मात्र आईला घालावी लागायची. काकू मला पाढे शिकवायची, वाचून घ्यायची, पण केसांना हात लावेना. दोन वर्षं लावला नाही.

त्रेसष्ट साली मी मॅट्रिक झाले. पुण्याला शिक्षिकांच्या कॉलेजात मला जागा मिळाली. ती मिळवून देण्यासाठी काकूने तिच्या भावाला सहा पत्रं लिहिली होती. जायच्या आदल्या दुपारी तिने मला बोलावलं. हिरवी ट्रंक पुसून खोलीच्या मध्यभागी ठेवली होती.

"घेऊन जा. एकदाही वापरली नाही."

मला ती उचलवेना. सात वर्षं जे घशात होतं ते तिथेच बाहेर आलं. "काकू, मला तेव्हा काही दिसलं नव्हतं."

"माहीत आहे."

"मी फोटोतलं सांगितलं."

"महाल म्हणालीस तेव्हाच कळलं. आणि तो कोट त्या फोटोवाल्याचा होता गं. यांना कुठला आलाय कोट? बाह्या बोटांपर्यंत येत होत्या, म्हणून तर हात खुर्चीमागे लपवलाय." ती जराशी हसली.

"तुझ्या बांगड्या फोडतील म्हणून मी..." असं म्हणायला लागले आणि थांबले. इतकी वर्षं स्वतःला मी तेच सांगत आले होते. "नाही. ट्रंक पाहिली होती मी. तू जाऊ नयेस म्हणून बोलले."

"तेही माहीत आहे," काकू म्हणाली. "राग आला होता फार. मी सुटणार होते त्या दिवशी. कुंकू पुसलं असतं तर पुसलं असतं, पण सुटणार होते. तुला आदल्या दिवशी किती बजावलं होतं."

"मग बोलली का नाहीस? एक शब्द बोलली असतीस तर..."

"बोलणार होते. तोंड उघडलं होतं." ती ट्रंकेच्या कडीशी खेळत राहिली. "तेवढ्यात तू ते कान पुढे केल्याचं सांगितलंस."

"ते आळीत सगळेच करतात. बाबापण करतात."

"करतात की. तांबटाला दुसरं काय येतं? पण डोळे कुणी मिटत नाही, अंबू. तुझे बाबा मिटतात?"

बाबा मिटत नसत. उलट डोळे मोठे करून समोरच्याच्या ओठांकडे पाहत. आळीतले सगळेच तसं करत.

"ते मिटायचे," काकू म्हणाली. "तेसुद्धा दुसरं कुणी बोलवलं तर नाही. मी माडीवरून हाक मारली की खाली ठोक थांबवायचे, कान वर करायचे, डोळे मिटून घ्यायचे आणि हसायचे. मी विचारलं होतं एकदा, हे काय? तर म्हणाले, कान अर्धा गेलाय, उरलेला तुझ्यासाठी ठेवलाय, डोळे मिटले की तो पुरतो." तिने ट्रंकेची कडी खाली सोडली. "हे आत्याबाईंना ठाऊक नाही. कुणाला ठाऊक नाही. फोटोत तर डोळे टक्क उघडे आहेत, फोटोवाला दटावत होता ना. तू कुठून आणलंस ते?"

मी आठवायचा खूप प्रयत्न केला. काजळ, ज्योत, माझं नाक. हाक मारली आणि कान पुढे केल्याचं सांगितलं, इथपर्यंत मी खोटं बोलत होते हे मला नक्की माहीत होतं. त्यापुढचे दोन शब्द कुठून आले, माहीत नव्हतं.

"सुचलं असेल," मी म्हणाले.

"असेल," काकू म्हणाली. तिने मला पाठमोरं बसवलं, माझी वेणी सोडली आणि नव्याने घालायला घेतली.

सिन्नरचे तात्या नंतर तीन-चार वर्षं जगले. महालाची गोष्ट ते गावोगाव सांगत, आणि प्रत्येक गावात कारंज्यातले हंस वाढत गेले. भागाआजी पुतण्याला घेऊन इंदूर आणि ग्वाल्हेर पाहून आल्या. तिथले महाल खरे होते, त्यांच्यापुढे कारंजीही होती. पासष्ट साली त्या गेल्या, मुलगा जिवंत आहे या समाधानात. भाऊ दर भाऊबीजेला विचारत, "येतेस?" आणि काकू दरवेळी ताटाला हात लावून म्हणे, "जेवा आधी." सासूच्या मागे ती एकटी राहिली. खालची जागा, जिथे मुरलीकाकांची ऐरण होती, तिथे तिने आळीतल्या पोरांची बालवाडी चालवली. ऐरण हलवली नाही. पोरं तिच्यावर बसून अक्षरं गिरवत. माझी तेहतीस वर्षं शाळेत गेली. ट्रंक माझ्याबरोबर सात गावं हिंडली. मुरलीकाकांचं काय झालं ते कधीच कळलं नाही.

काकू ब्याण्णव साली, पुन्हा एका सिंहस्थात, गेली. कपाळावर कुंकू होतं. फोटो तिने माझ्या नावाने पुडीत बांधून ठेवला होता. तांबट आळीत आता ठोक नाही म्हटलं तरी चालेल. स्टीलच्या दुकानांच्या पाट्या आहेत.

मी परत कधी काजळात पाहिलं नव्हतं. मागच्या श्रावणात, एका दुपारी, सून ऑफिसात, नात कॉलेजात, मी पडदे ओढले, समई लावली आणि विड्याच्या पानाला काजळ फासलं. पायाळूपण म्हातारपणी राहतं की जातं, मला कुणी सांगितलेलं नाही. बराच वेळ बसले. झाडणारा आला नाही. ज्योत दिसत होती आणि तिच्याखाली माझं नाक, आता चांगलंच सुरकुतलेलं.

"काकू," मी हाक मारली.

मग मान जरा वाकडी केली, म्हातारपणी त्यातल्या त्यात चांगला उरलेला कान पुढे केला आणि डोळे मिटून घेतले.